होल्डवर ठेवलेलं स्वयंपाकघर

वैजयंती टिळेकरने आयुष्यात कुणालाच पहिल्या फटक्यात पास केलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. हेरंब तिला बघायला आला तेव्हा तिने पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली, त्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "पोहे जास्त भिजलेत." वैजयंतीने बशी उचलली, आत जाऊन स्वतः एक घास खाल्ला आणि बाहेर येऊन म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण एवढ्यावरून मला काही ठरवता यायचं नाही. पुढच्या रविवारी परत या." तो आला. तिसऱ्या रविवारीही आला. त्या वेळी त्यानेच आत जाऊन सगळ्यांसाठी पोहे केले, तेव्हा कुठे होकार मिळाला.

तो दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहात स्वयंपाकी होता. लग्नानंतर तीही दिल्लीला आली आणि वर्ष-दोन वर्षांत मानेसरच्या एका कारखान्यात लागली. गाडीच्या पोटात ज्या वायरींच्या जुड्या असतात त्या तिथे बनतात, आणि बनलेली प्रत्येक जुडी पुढे जाऊ द्यायची की नाही हे वैजयंती ठरवते. द्वारकेच्या कोपऱ्यावर सहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीची बस येते. पंचवीस वर्षांत ती बस तिने एकदाही चुकवलेली नाही.

घरात स्वयंपाक हेरंबचा. लोकांना वाटे, तिकडे दिवसभर मोठमोठ्या पातेल्यांपुढे उभा राहिलेला माणूस घरी पळीला हात लावणार नाही. पण तो यायचा, हातपाय धुवायचा आणि विचारायचा, "काय खाणार?" सोसायटीतल्या बायका म्हणत, "वैजयंतीताई, मजा आहे बुवा तुमची!" त्यावर वैजयंती म्हणे, "मजा कसली? मला आत उभं राहायला परवानगी नाही. मी फक्त जेवणाची तपासणी करते." आणि करायचीही. "आमटीला गूळ अर्ध्या चमच्याने जास्त." हेरंब हसायचा. "टिळेकर मॅडम, माल परत घेऊ का?" "राहू द्या. या वेळेपुरतं."

त्या सोसायटीत कुणाला फ्रीज घ्यायचा असो की धुलाईचं यंत्र, वैजयंतीला बरोबर न्यायची पद्धतच पडली होती. ती दुकानात शिरली की विक्रेत्याचा आवाज खाली यायचा.

हेरंबच्या डोळ्यांचं कळलं ते अक्षयाच्या हातावर आमटी सांडल्यावर. अक्षया त्यांची मुलगी, पंचवीस वर्षांची, गुरुग्रामला नोकरीला. ती त्याच्या उजव्या बाजूने आली, तो पातेलं घेऊन वळला, आणि ती तिथे आहे हे त्याला दिसलंच नाही. "बाबा, यार, मी समोर उभी होते!" ती ओरडली. समोर नव्हती, बाजूला होती. त्याची बाजूच नाहीशी झाली होती.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. बराच पुढे गेलेला. "जो गया, वो गया. जो बचा है उसे रोकने की कोशिश करेंगे. लेकिन एक साल का भरोसा मैं नहीं दूँगा."

मेट्रोत दोन स्टेशनं गेल्यावर हेरंब म्हणाला, "वैजू, नवं स्वयंपाकघर घेऊ."

"आत्ता? हे काय बोलताय तुम्ही?"

"आत्ताच. आपल्या ओट्याखाली बिल्डरने केलेली ती भुयारं आहेत ना, त्यात मी वाकून डोळ्यांनी शोधतो. वरच्या कपाटांची दारं उघडी राहिली तर उद्या माझ्या कपाळात बसतील. मला सगळं ओढून बाहेर येणारं हवं. जिथल्या तिथे. हाताला कळेल असं." त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून पाहिले. "आणि दिसतंय तोवर हवं. बघत बघत एकदा हातांना पाठ झालं, की मग दिवे गेले तरी मी तुम्हा दोघींना जेवायला घालीन."

"किती दिवस लागतात हातांना?"

"अतिथिगृहातलं तीन महिन्यांत पाठ झालं होतं. तेव्हा तरुण होतो. चार धर."

वैजयंतीने मनातल्या मनात हिशेब केला: आत्ता जुलै, डॉक्टरांचं साल. वेळ होता. आणि वेळ असताना वाईट माल घेणं हा तिच्या लेखी गुन्हा होता.

दर रविवारी दोघं निघू लागले. तिची एक कापडी पिशवी असे. त्यात मोजपट्टी, लोहचुंबक, ओला बोळा आणि पाच किलो तांदळाचं पोतं. दुकानात शिरल्याबरोबर ती सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढे, त्यात तांदूळ ठेवी आणि तो वीस वेळा उघडझाप करी. मग कोपऱ्यात बोट घालून कडेची पट्टी उचलली जाते का पाही. बिजागरी खऱ्या स्टीलची आहे का हे बघायला तिला चुंबक लावी.

"मॅडम, आप किस कंपनी से आई हैं?" एक विक्रेता घाबरून म्हणाला.

"अपनी कंपनी से. ये पट्टी मशीन से लगी है कि हाथ से?"

"मशीन से, मॅडम, जर्मन मशीन."

"तो फिर मेरे नाखून से कैसे निकल गई?"

आवडलेल्या दुकानातून ती बोर्डाचा तुकडा मागून आणी आणि बाल्कनीत बादलीत बुडवून ठेवी. बादलीवर कागद: दुकान, तारीख, वेळ, जाडी. दुसऱ्या दिवशी बस गाठण्याआधी ती तुकडा बाहेर काढून मोजे. फुगला, की दुकान बाद. ज्याचा तुकडा फुगला नाही त्याची दुसरी परीक्षा असे: मागच्या दहा गिऱ्हाइकांचे फोन नंबर. ती खरंच दहाच्या दहा फोन करी. "आपके यहाँ शिकायत हुई थी? कितने दिन में आए?" आठ दिवसांच्या वर गेलं की तेही बाद.

ऑक्टोबर आला. अकरा दुकानं बाद झाली होती. अतिथिगृहातली नोकरी सुटली होती, आणि हेरंब आता जिना उतरताना कठड्याला धरू लागला होता.

"वैजू," तो बाल्कनीत बादल्यांच्या रांगेपाशी उभा राहून म्हणाला, "मला काय वाटतं माहितीये? मी तुला आवडलो तो काळ बरा होता. तीन रविवारांत आटोपलं."

"थट्टा पुरे. चौथं दुकान मला बरं वाटत होतं, पण त्यांचे मिस्त्री महिना महिना येत नाहीत."

"बाई गं, घेतलं असतंस तर आत्तापर्यंत मिस्त्री येऊन गेला असता."

बारावं दुकान कीर्तिनगरच्या एका आडगल्लीत होतं. वैजयंतीने ड्रॉवर ओढला आणि हेरंबला म्हणाली, "याच्या कडा बघा, उंदराने कुरतडल्यासारख्या."

मागून आवाज आला, "बरोबर बोललात, काकू. तो माल घेऊच नका. आतला दाखवतो, या."

वैजयंती वळली. तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, केस मागे जाऊ लागलेले. नाव शार्दूल, मूळ गाव लातूरजवळ. दिल्लीत कलेक्टर व्हायला आलेला, सात वर्षं राजिंदर नगरात एका खोलीत चौघं राहून परीक्षा दिलेला.

"मुलाखतीपर्यंत गेलो होतो, काकू. दोनदा." तो हसला. "आता लोकांना ओटे विकतो. घरी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बसा ना, काका. पाणी आणतो, माठातलं आहे."

दिल्लीत पंचवीस वर्षं दुकानदारांशी हिंदीत भांडलेल्या बाईला कुणी 'काकू, बसा' म्हटलं की काय होतं, ते मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला कळायचं नाही. वैजयंतीच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. शार्दूलने हेरंबचं म्हणणं कागदावर उतरवून घेतलं. अकरा दुकानांत कुणी घेतलं नव्हतं. हेरंब सांगत होता, "शेगडीपासून डाव्या हाताला एक वीत, तिथे मिठाचा ड्रॉवर. त्याच्यापुढे चार बोटं सोडून तेल." आणि शार्दूल प्रत्येक ठिकाणी त्याचा हात धरून ओट्यावर ठेवून वीत मोजत होता. "मुठी कशा हव्यात, काका? गोल? टोकदार लागतील हाताला."

बोर्डाचा तुकडा तिने नेला. फुगला नाही. मग तिने वही काढली. वहीत प्रत्येक दुकानापुढे एक रकाना होता: तक्रार झाल्यास कोण येणार, किती दिवसांत. बाकी अकरा ठिकाणी तिने हा प्रश्न तीन तीन वेळा विचारला होता.

"आणि नंतर काही झालं तर?"

"काकू, मी आहे ना."

तिने रकान्यात लिहिलं: शार्दूल. दहा फोन नंबर मागितले नाहीत. कारखान्यात नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगे, "माणूस चांगला आहे की वाईट हे मला सांगू नका, कागद दाखवा." त्या रविवारी ती घरी येईपर्यंत हेरंबशी लातूरकडच्या लोकांच्या साधेपणाबद्दल बोलत होती.

पंचेचाळीस दिवस सांगितले होते. डिसेंबरच्या मध्यावर माल आला. जुनं सगळं उखडलं, नवं बसलं, दोन दिवसांत माणसं निघून गेली. हेरंब दारात उभा होता. त्याला आता नळीतून बघितल्यासारखं दिसे. नळी फिरवत फिरवत त्याने एकेक ड्रॉवर पाहिला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "वैजू, छान दिसतंय गं!"

वैजयंती गुडघ्यांवर बसून मोजत होती.

मिठाचा ड्रॉवर शेगडीपासून एक वितीऐवजी दीड वीत लांब होता. कुणा दुसऱ्याच्या घरचा खण इथे आला होता. शेगडीखालचा ड्रॉवर दोन तृतीयांश आत जाऊन खरवडत थांबायचा. सिंकजवळची पट्टी उघडी, आतला बोर्ड उघडा. मुठी गोल नव्हत्या, धारेच्या होत्या. तिने पर्समधून लाल चिठ्ठ्यांची गुंडाळी काढली आणि दोष दिसेल तिथे चिकटवत गेली. सतरा झाल्या.

"हे काय लावतेयस?" अक्षयाने विचारलं.

"होल्ड."

कारखान्यात मालात दोष सापडला की त्याला लाल चिठ्ठी लावून जाळीच्या खोलीत ठेवतात. निर्णय होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, मोठ्या साहेबांनीसुद्धा. वैजयंतीला हा नियम पाठ होता तो एका अपमानामुळे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका साहेबाने मागे उभं राहून म्हटलं होतं, "थोडा-बहुत चलता है," आणि तिने सही केली होती. अख्खा ट्रक परत आला. तिला सगळ्या मुलींसमोर उभं करून ती एकेक जुडी उसवायला लावली. तेव्हापासून 'चालतं' हा शब्द त्या घरात चालत नव्हता.

तिने स्वयंपाकघर बसवणाऱ्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला.

"मॅडम, किचन यूज में है क्या?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"क्यों?"

"यूज में है तो डिफेक्ट हमारा नहीं माना जाएगा, मॅडम. टेक्निशियन विजिट तक यूज मत कीजिए."

"कितने दिन में आएँगे?"

"सात से दस वर्किंग डेज, मॅडम."

वैजयंतीला हे मनापासून पटलं. तिनेही हेच सांगितलं असतं. बाहेरच्या खोलीत टेबलावर विजेची छोटी शेगडी मांडली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा रोजचा स्वयंपाक हाती घेतला. मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी.

"आई, ऑर्डर करू का?" अक्षया हळूच म्हणे.

"दहाच दिवसांचा प्रश्न आहे."

दहाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कुणी आलं नव्हतं. तिने पुन्हा नोंदवली. पुन्हा बंद झाली. तिसऱ्यांदा एक माणूस आला, दारातूनच फोटो काढले, म्हणाला, "इसमें तो पार्ट लगेगा," आणि गेला.

जानेवारीच्या एका दुपारी वैजयंती घरी लवकर आली तेव्हा हेरंब स्वयंपाकघरात होता. डावा हात ओट्यावर, नजर नळीतून समोर, आणि उजवा हात मिठाच्या ड्रॉवरवर. दीड वीत. तो उघडत होता, झाकत होता, पुन्हा डावा हात शेगडीवर नेत होता.

"अहो! हात काढा. चिठ्ठी दिसत नाहीये?"

तो थबकला. "तशी दिसते अजून. लाल आहे."

"मग?"

"वैजू, दीड वीत तर दीड वीत. मी दीड वीत शिकतो. तो खालचा खरवडतो ना, तो तर उलट बरा, आवाजावरून कळतं किती आत गेला. अतिथिगृहात एका शेगडीचा पाय मोडला होता, आम्ही वीट लावून बारा वर्षं हजार हजार पानं उठवली तिच्यावर. चालतं गं वाकडं. हाताला काय, वाकडंही पाठ होतं."

"आणि उद्या त्यांनी येऊन ते सरळ केलं, की परत नव्याने शिकाल?"

"उद्या ते येणार आहेत का?"

"येतील. का नाही येणार? त्यांचा दोष आहे. लेखी आहे. वापरलं आणि त्यांनी हात वर केले, तर जन्मभर या वाकड्यात तुम्ही चाचपडणार. मी असा माल तुमच्या गळ्यात घालणार नाही." तिचा आवाज चढला होता. "मी आयुष्यभर परक्यांच्या गाड्या नीट पाठवल्या. माझ्या नवऱ्याला मी रिजेक्ट माल देऊ?"

हेरंबने हात काढून घेतला. "बरं, टिळेकर मॅडम," तो म्हणाला, आणि भिंतीला हात लावत बाहेर गेला. त्यानंतर तो आत गेला नाही.

शार्दूलला ती रोज फोन करी. तो रोज उचली. "काकू, मी वर मेल टाकलाय." "काकू, सर्व्हिसचं काम दुसऱ्या एजन्सीकडे आहे हो, ते आमचं ऐकत नाहीत." "काकू, मला खरंच लाज वाटते." फेब्रुवारीत एका रविवारी तो स्वतःच दारात उभा राहिला. हातात पेचकस, पिशवीत ड्रॉवरच्या दोन नव्या पट्ट्या आणि सहा गोल मुठी.

"गोदामातून मागून आणल्यात. खालचा ड्रॉवर मी बसवतो, काकू. यूट्यूबवर बघून शिकलोय. तासाभराचं काम आहे."

हेरंब आवाज ऐकून उठला. "अरे ये, ये, शार्दूल!"

वैजयंती दारातून हलली नाही. "तू कंपनीचा मिस्त्री आहेस का?"

"नाही, पण काकू—"

"बाहेरच्या माणसाने पेच काढला तर वॉरंटी जाते. पावतीच्या मागे छापलंय. तूच दिली होतीस पावती."

"काकू, खरं सांगू? वॉरंटीवाले येतील असं मला वाटत नाही."

"तू म्हणाला होतास, मी आहे ना."

"म्हणून तर आलोय."

शार्दूलने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मुठी तरी ठेवून जातो," तो म्हणाला.

"नको. बिलाशिवायचं सामान घरात नको."

"चहा तरी घेऊन जा," हेरंब म्हणाला. पण चहा टेबलावरच्या शेगडीवर वैजयंतीलाच करावा लागला असता, आणि ती अजून दारात होती. शार्दूल जिना उतरून गेला. हेरंबने खिडकीत जाऊन खाली पाहिलं. पण नळीत तो सापडला नाही.

मार्चच्या एका सकाळी अक्षया ऑफिसला निघायची तयारी करत होती. हेरंब टेबलापाशी बसला होता.

"अक्षया, दिवा लाव ना गं. अंधार आहे."

दिवा लागलेला होता. खिडकीतून ऊनही येत होतं. अक्षयाने आईकडे पाहिलं. वैजयंती उठली, बटणापाशी गेली, दिवा बंद केला आणि पुन्हा लावला.

"लावला," ती म्हणाली.

"नाटक करू नकोस, वैजू," हेरंब शांतपणे म्हणाला. "बटण दोनदा वाजलं."

त्या दिवशी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मानेसरची बस वैजयंतीशिवाय गेली. डॉक्टरांकडून हेरंबला अक्षयाबरोबर घरी पाठवून ती थेट कीर्तिनगरला पोचली. शार्दूलच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती.

"वो तो छोड़ गए, मॅडम. गाँव चले गए शायद."

"मेरी शिकायत?"

मुलीने संगणकात पाहिलं. "क्लोज्ड दिखा रहा है, मॅडम. चार बार."

वैजयंतीने तिथे आवाज चढवला नाही. ती नुसती उभी राहिली. मुलीने दोनदा "मॅडम, पानी?" असं विचारलं.

मिस्त्री आले मे महिन्यात, न सांगता. कंपनीने म्हणे सर्व्हिसची एजन्सी बदलली होती. बरेलीकडचे साठीचे गृहस्थ होते, बरोबर एक जोडीदार. आल्याआल्या विचारलं, "ये लाल-लाल क्या चिपका रखा है, दीदी?" मग त्यांनी खालचा ड्रॉवर काढला, आडव्या बसलेल्या पट्टीचे तीन पेच सोडले, पट्टी सरळ केली, पेच आवळले. ड्रॉवर सरकन आत गेला. मिठाचा खण बदलला, एक वीत झाला. सिंकची पट्टी बसली. मुठी गोल आल्या. वैजयंती मोजपट्टी घेऊन त्यांच्या मागे मागे होती. एका ठिकाणीही तिला बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

"पहले क्यों नहीं बुलाया, दीदी? ड्रॉवर का तो दस मिनट का काम था."

"बुलाया था, भैया," वैजयंती म्हणाली.

ते गेल्यावर तिने सतराही चिठ्ठ्या काढल्या. उन्हाळ्याने गोंद पक्का झाला होता. नखांनी खरवडून, तेल लावून, पुसून काढल्या. मीठ, तेल, ताटं ठरल्या जागी लावली. मग बाहेर जाऊन हेरंबचा हात धरला.

"चला. तयार आहे."

"काय?"

"तुमचं स्वयंपाकघर. पास केलं मी."

तो उठला. आत आल्यावर त्याने ओट्यावरून तळहात फिरवला, कडेवरून, मुठीवरून. "छान झालंय," तो म्हणाला. "गुळगुळीत." ड्रॉवर ओढला, सोडला आणि कान देऊन उभा राहिला. "बंद झाला का?"

"झाला. आपोआप होतो. सॉफ्ट-क्लोज आहे."

"आवाजच आला नाही."

"तोच तर चांगला माल, अहो."

"हं. मला कळलं नाही."

तिने कढई ठेवली. गॅस त्याने लावला. एक वीत डावीकडे, मीठ. चार बोटं पुढे, तेल. बोटं मोजून नेली तरी ती ओट्यावर येऊन ठरेनात. कुठून मोजायचं तेच सापडत नव्हतं. तेलाचं भांडं सापडलं. त्याने ते कढईवर धरलं असं त्याला वाटलं, आणि धार बाहेर ज्वाळेवर गेली. भक्कन जाळ उठला. वैजयंतीने गॅस बंद केला. काही भाजलं नाही. त्याच्या मनगटावरचे चार केस तेवढे जळाले, त्यांचा वास येत राहिला.

"पहिला दिवस आहे," ती म्हणाली. "चार महिने म्हणाला होतात ना? घ्या चार महिने. आता कुणाची घाई नाही. मी रजा टाकते."

"ते बघत बघत, वैजू. आधी डोळे हाताला सांगतात, मग हाताला राहतं. आता सांगणारं कोण आहे?"

"मी सांगते."

"तुला तरी कुठे माहितीये?" तो रागाने बोलला नव्हता, तसा बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने भांडं ओट्यावर ठेवायला जागा शोधली, ते त्याच्या हातातून तिने घेतलं, आणि तो बाहेर गेला. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

वैजयंतीने सांडलेलं तेल पुसलं. तूरडाळ धुतली, कुकरमध्ये घातली. पाणी किती, हे विचारायला ती दारापर्यंत गेली आणि परत आली. अंदाजाने घातलं. कुकर चढवला. तो शिट्ट्या देऊ लागला तेवढ्यात फोन वाजला.

"गुड इवनिंग मॅडम, आपकी सर्व्हिस विजिट आज पूरी हुई है. क्या आप हमारे काम को एक से पाँच में नंबर देना चाहेंगी?"

वैजयंती स्वयंपाकघराच्या मध्यावर उभी होती. सगळे ड्रॉवर एका रेषेत होते. दारं एकमेकांपासून सारख्या अंतरावर. सिंकजवळची पट्टी तिने पुन्हा एकदा नखाने उचलून पाहिली. उचलली गेली नाही.

"मॅडम? लाइन पर हैं?"

"पाँच," ती म्हणाली.

"थँक्यू सो मच, मॅडम. पाँच की कोई खास वजह बताना चाहेंगी?"

"कोई कमी नहीं है."

"और कोई सुझाव, मॅडम?"

मुलगी थांबली होती. तिच्यामागे इतर मुलींचे असेच गोड आवाज ऐकू येत होते. वैजयंतीने विचार केला की हिला विचारावं, डिसेंबरमध्ये वापरू नका म्हणणारी तूच होतीस का? पण आवाज सगळ्यांचे सारखेच असतात.

"वैजू," बाहेरून हेरंबने हाक मारली. "किती शिट्ट्या झाल्या?"

तिने फोन कानापासून दूर धरला. "मोजल्या नाहीत हो."

"सहा झाल्या. बंद कर."

तिने गॅस बंद केला. वाफ जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. झाकण काढलं तेव्हा डाळीचं पाणी झालं होतं. तिने त्यात अंदाजाने मीठ घातलं, ढवळलं, चव घेतली, आणि तीन ताटं घ्यायला खालचा ड्रॉवर ओढला.